सोडून दिलेला नंबर

बँकेचा धनंजय दिसायला पोरगेला होता, पण बायांना हसवण्यात पटाईत. शुक्रवारी सकाळी अकराला नव्या टोलीच्या समाजमंदिरात त्यानं चाळीस बाया जमवल्या. म्हणजे जमवल्या रत्नमालानं. हा नुसता मोटरसायकलवर बसून पवनीहून आला. फोनवरून पैसे कसे जातात ते शिकवायचं होतं. एरवी असे साहेब येतात, भिंतीला बॅनर लावतात, तासभर वाचून दाखवतात आणि फोटो काढून पसार होतात. यानं बॅनर गुंडाळलेलाच ठेवला आणि बायांनाच खेळाला उभं केलं.

“ही पैसे पाठवणारी. ही तिची बँक. तिकडं पैसे घेणारी, आणि तिच्या बाजूला तिची बँक. मधोमध आपल्या तुळसाबाई. तुळसाबाई म्हणजे साऱ्या देशातल्या बँकांमधलं मधलं ठाणं. सगळे निरोप यांच्याच हातून जाणार.”

“मंग मले पगार किती?” तुळसानं कमरेवर हात ठेवून विचारलं आणि हशा पिकला.

खेळ सुरू झाला. पाठवणारीनं आपल्या बँकेच्या कानात सांगितलं, पन्नास रुपये पाठव. बँकेनं ते तुळसाला सांगितलं. तुळसानं पलीकडच्या बँकेला विचारलं, ही बाई तुझ्याकडचीच का? तिनं मान डोलावली. मग इकडच्या बँकेनं पन्नास कापले, तिकडच्या बँकेनं पन्नास चढवले, आणि धनंजयनं तोंडानंच फोनची घंटी वाजवून दाखवली.

“आता सांगा, नोट कुठं गेली? कुठंच नाही. नोट जागची हलली नाही, हलला तो निरोप. बँका आपसातला हिशेब ठरल्या वेळी मिटवत बसतात, तुमचं काम मात्र दोन श्वासांत. याला रविवार नाही, दिवाळी नाही. हे ठाणं कधी झोपत नाही.”

मागं खांबाला टेकून चंद्रभागाबाई बसली होती. सत्तरी ओलांडलेली, एकटी. नवरा तुलाराम धरणासाठी गाव उठायच्या आधीच गेला, पोरबाळ नाही. तिची दीड एकर धानाची बांधी गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेली आणि तिच्या वाढीव मोबदल्यासाठी तिनं इतकी वर्षं कागद फिरवले, की तहसीलचे शिपाईसुद्धा तिला नावानं हाक मारत. ते पैसे या आठवड्यात खात्यात पडणार, असं तलाठ्यानं सोमवारी सांगितलं होतं. म्हातारीनं हात वर केला.

“बाबू, पण थो फोन मले वळखते कसा? त्यानं त माहं तोंड पायलं नाही.”

“लाख मोलाचा प्रश्न विचारलात, आजी.” धनंजय खूश झाला. “बँक तुम्हाला तोंडानं ओळखत नाही. नंबरानं ओळखते. फोनमध्ये सिम घातलं आणि ते ॲप उघडलं, की फोन आपणच एक मेसेज धाडतो. बँकेला विचारणा होते, या नंबरावर तुमच्याकडं कोणाचं खातं आहे का? आणि ज्या बँकेत त्या नंबराचं खातं असेल ती बँक हात वर करते. करा हात वर, तुम्ही बँक ना. हां! मग कार्डावरचे शेवटचे सहा आकडे मागतात. मग त्याच नंबरावर एक गुपित आकडा येतो. तो टाकला, की आपला पिन आपणच बनवायचा. झालं. दिवसाला लाखापर्यंत पैसे बसल्या जागेवरून पाठवा.”

“म्हंजे नंबर ज्याच्यापाशी, थोच मालक?”

“पासबुकावर नाव काही असो आजी, फोनपुरतं बोलायचं तर सिम ज्याच्या हातात, चावी त्याच्या हातात. म्हणून नंबर सांभाळा.”

बाया माना डोलवत होत्या. रत्नमाला दाराशी उभी होती. हातातला चहाचा ट्रे तिनं न वाटताच खिडकीत ठेवला.

रत्नमाला या गावची अंगणवाडी सेविका. फॉर्म कोणाचाही असो, भरायचा रत्नमालानं. ती मुळात नाही म्हणायला शिकलीच नव्हती, आणि लोकांनी तिला कधी शिकू दिलं नाही. खाती उघडायची शिबिरं लागली तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात बाया रांगेत होत्या आणि फॉर्मवर मोबाइल नंबराचा रकाना होता. अर्ध्या बायांकडं फोन कुठला? “माहाच टाका ना, काय होते,” असं म्हणून तिनं पाच जणींच्या फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहिला होता. तेव्हा सगळ्या गावांत असंच चाललं होतं. कोणी मास्तरचा, कोणी दुकानदाराचा, कोणी भाच्याचा. त्या पाचजणींपैकी दोघी वारल्या. दोघींनी पुढं पोरांचे नंबर लावून घेतले. राहिली एक, चंद्रभागाबाई. तिला पोरगं असतं तर तिनंही लावला असता.

आणि तो नंबर रत्नमालानं दोन वर्षांपूर्वी सोडून दिला होता. दर महिन्याला रिचार्ज महाग झालं, मुलगा अश्वजितनं नागपूरहून नवं सिम आणून दिलं, जुनं सिम तिनं कुंकवाच्या रिकाम्या डबीत टाकलं. स्वतःच्या खात्याला नवा नंबर लावायला ती आठवणीनं बँकेत गेली होती. म्हातारीचं खातं तिच्या ध्यानातच आलं नाही. म्हातारीला त्या नंबराचं काम कधी पडलं नाही. निराधार योजनेचे पैसे ती गावातच मशिनीवर अंगठा ठेवून काढायची. खात्यात आजवर हजार-दीड हजाराच्या वर कधी काही नव्हतंच.

रत्नमाला समाजमंदिराच्या मागं गेली. तिच्या फोनमध्ये तो नंबर अजून जपून ठेवलेला होता, ‘माझा जुना’ या नावानं. वर्षभरापूर्वी सहज लावून पाहिला तेव्हा ‘सेवेत नाही’ असं सांगणारी बाई बोलली होती. आज पुन्हा तीच बाई बोलेल, अशी तिला आशा होती.

फोनची घंटी गेली. एकदा, दोनदा. मग एका पुरुषाचा आवाज आला, पाठीमागं कसलीतरी मोठी घरघर.

“हॅलो? कोण पायजे?”

तिनं फोन कापला. ती तिथंच ओट्यावर बसली. आपण कंपनीला परत केलेला नंबर कंपनी जन्मभर फडताळात ठेवून देत नाही, तो दुसऱ्याला विकते, ही साधी गोष्ट. ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती असंही नाही. ती तिनं चंद्रभागाबाईशी जोडली नव्हती, एवढंच.

धनंजयला सांगावं म्हणून ती पुढं आली. तो मोटरसायकलला बॅनर बांधत होता, भोवती बाया होत्या. “आमच्या बाईनंच सारं केलं सायेब,” तुळसा सांगत होती. धनंजय रत्नमालाकडं वळून म्हणाला, “ताई, तुमच्यासारखी एक बाई गावागावात असती ना, तर आम्हाला कामच उरलं नसतं.” आता यावर माणसानं काय म्हणावं? रत्नमाला म्हणाली, “चहा घेऊन जा ना.” तो म्हणाला, “नको, शाखेत गर्दी असेल, उद्या दुसरा शनिवार.” आणि गेला. धूळ खाली बसली तेव्हा तिला कळलं, की उद्या आणि परवा बँक बंद आहे. ते मधलं ठाणं मात्र झोपत नाही.

तेवढ्यात चंद्रभागाबाई काठी टेकत जवळ आली.

“रत्नमाला, पाह्य ना वं तुह्या फोनात. माह्या बांधीचे पैसे आले का? तुलेच त येते ना थो मेसेज.”

“काकू,” रत्नमाला म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच परका वाटला, “आपण पवनीलेच जाऊ. आताच. पासबुक छापून आणू.”

“आताच? जेवले नाही मी.”

“तिथं भजे खाऊ. पासबुक घ्या, कार्ड घ्या, आधार घ्या.”

म्हातारीनं वाद घातला नाही. रत्नमाला म्हणते म्हणजे काम असेलच. घरात जाऊन तिनं आपली कापडी पिशवी आणली आणि नेहमीसारखी रत्नमालाच्या हातात दिली. या पिशवीत तिचे सारे कागद होते. बाहेर कुठं निघालं की ती पिशवी रत्नमालाकडं असायची. आपल्या हातून पडेल, असं म्हातारीला वाटे.

बस हुकली. काळीपिवळी जीप मिळाली, तीही अर्धा तास माणसं भरत उभी राहिली. रत्नमाला पिशवी पोटाशी धरून बसली होती. मंगळवारी पैसे पडले असतील तर? मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. दिवसाला लाख. चार दिवसांत चार लाख, आणि म्हातारीला मिळायचे होते चार लाख बारा हजार. वरचे बारा हजार फक्त उरतील. तिनं हा हिशेब पुन्हा पुन्हा केला. बाजूला म्हातारी बाहेरची धानाची शेतं पाहत आपल्याच नादात बोलत होती. पैसे आले की समाजमंदिरापुढं तुलारामच्या नावानं हातपंप बसवायचा, उरलेले बँकेतच ठेवायचे, व्याजावर मरेपर्यंत भागेल. कोणाच्या दारी जायची पाळी येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

“तुले भेव वाटते का वं गाडीचं?” मधेच तिनं विचारलं. “घाम फुटला तुले.”

“नाही काकू. ऊन हाय.”

पवनीच्या स्टँडवर म्हातारीनं भजे मागितले. दुकानदारानं कागदात बांधून दिले. रत्नमालाचं लक्ष त्या कागदावर गेलं. तो कोणाच्या तरी आधारकार्डाची झेरॉक्स होता. तेलात भिजलेला एका बापड्याचा चेहरा, खाली बारा आकडे. हे कागद रद्दीत असेच येतात, आजवर तिनं कधी निरखून पाहिले नव्हते. तिला आठवलं, मोबदल्याच्या अर्जाला म्हातारीच्या कागदांचे पाच संच तिनंच काढले होते. पासबुक, आधार, आणि असू द्यावं म्हणून कार्डही, पुढून आणि मागून. कोणी मागितलं नव्हतं. तिची काम करायची रीतच तशी. एखादा कागद कमी पडून म्हातारीला परत फेरी पडू नये. ते पाच संच आज कुठं कुठं असतील, ते देवालाही सांगता आलं नसतं. कार्डाचे शेवटचे सहा आकडे त्या पाचही संचांवर होते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘माझा जुना’. आपलाच नंबर आपल्याला हाक मारत होता. तिनं फोन कानाला लावला.

“हॅलो,” तोच आवाज. “सकाळी या नंबरावरून फोन आला होता. तुमी चंद्रभागाबाई का? चंद्रभागा तुलाराम?”

रत्नमालानं पिशवी पोटाशी घट्ट धरली.

“तुमच्या कार्डाचे शेवटचे सहा आकडे...”

तिनं कापला. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा कापला. मग तिनं आवाजच बंद केला, म्हातारीचा हात धरला आणि अर्धे भजे तिथंच टाकून बँकेची वाट धरली. त्याला नाव ठाऊक होतं. सहा आकडे तेवढे बाकी होते, किंवा तेही आता बाकी नसतील.

बँकेत पोचल्या तेव्हा अडीच झाले होते. धनंजय काउंटरवर होता. “ताई! सकाळीच तर भेटलो!” तो हसून म्हणाला, आणि मग तिचं तोंड पाहून हसायचा थांबला. आता सांगावं लागणार होतं, आणि म्हातारी बाजूलाच उभी होती. एकवार रत्नमालाच्या मनात आलं, हिला बाकावर बसवावं आणि हळू आवाजात सांगून टाकावं. पण अंगठा हिचाच लागणार होता. आणि पैसे गेले असतील तर, ते हिचेच गेले होते.

“काकू,” ती म्हणाली. “तुमच्या खात्यात मी माहा नंबर टाकला होता. थो जुना नंबर मी सोडून देला. तुमचं खातं मी इसरली. आता थो नंबर एका दुसऱ्याच माणसापाशी हाय, आन् त्याले तुमचं नाव मालूम हाय.”

सकाळचा खेळ म्हातारीनं मन लावून पाहिला होता. तिला फार समजवावं लागलं नाही.

“म्हंजे माह्या बांधीची चावी त्याच्यापाशी हाय?”

“हो काकू.”

“कोण हाय थो?”

“मले नाही मालूम.”

“ताई, सकाळीच का नाही सांगितलंत?” धनंजय म्हणाला. तो कॉम्प्युटरकडं वळला, दोनचार कळा दाबल्या आणि कपाळाला हात लावला. “लिंक गेलीय. आताच होती.”

गावाकडच्या बँकेत लिंक जाणं म्हणजे नेहमीचं. लोक डबा उघडून जेवून घेतात. रत्नमाला बाकाच्या टोकाला बसली. घड्याळात पावणेतीन, तीन, सव्वातीन. चारला काउंटर बंद. मांडीवरचा फोन आवाज न करता पुन्हा पुन्हा उजळत होता. ‘माझा जुना’, ‘माझा जुना’. अकरा फोन. इतक्या उतावळेपणानं फोन करणाऱ्या माणसाला काय हवं असेल, याचा विचार करायला तिला डोकं लागत नव्हतं. म्हातारी बाजूला घड्याळाकडं पाहत बसली होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर रत्नमालाला बरं वाटलं असतं.

तीन पस्तीसला लिंक आली. धनंजयनं म्हातारीचा अंगठा घेतला, पासबुक यंत्रात घातलं. यंत्र करकरत पुढं-मागं झालं. त्यानं पासबुक बाहेर ओढून काचेखालून सरकवलं आणि रत्नमालानं डोळे मिटले. मग उघडले.

मंगळवार. जमा, चार लाख बारा हजार. त्याखाली एकही ओळ नव्हती.

सारे पैसे होते. एकही रुपया हलला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, त्या घटकेला रत्नमालाच्या मनात आणखी एक गोष्ट येऊन गेली, जी तिनं पुढं कधी कोणाला सांगितली नाही. तिच्या घराच्या भिंती सात वर्षांपासून छतापर्यंत येऊन थांबल्या होत्या, वर पत्र्याच्या टिना होत्या. चार लाखांत स्लॅब पडतो. बस, एवढंच, डोळ्यांपुढून एक कोरा स्लॅब सरकून गेला. ती दचकली आणि पासबुक तिनं उलटं ठेवलं.

फोन पुन्हा उजळला.

“तोच का?” धनंजयनं विचारलं. “मी खात्याचं फोनवरून पैसे जाणं बंद करतोय. आता भिऊ नका. उचला, स्पीकरवर घ्या.”

तिनं उचलला. पाठीमागं तीच घरघर.

“बाई, कापू नका ना फोन! दुपारपासून लावून राहिलो. मी इश्वर, तुमसरले राईस मिलमध्ये हमाल हावो. हा नंबर मीनं बाजारात सिमवाल्याच्या छत्रीखाली घेतला, आठ महिने झाले. माहं खातं फोनमध्ये घालाले गेलो त दोन खाते दिसले, एक माहं आन् एक चंद्रभागा तुलाराम नावाचं. मीनं त्याले हात नाही लावला. पण मंगळवारी मेसेज आला, चार लाख बारा हजार. बाई, चार लाख!”

“मग?” रत्नमाला कशीबशी म्हणाली.

“मंग मीनं येड्यावानी एका जणाले दाखवला, मिलातल्याच. थो म्हणते, कार्डाचे सहा आकडेच पायजे ना, थे झेरॉक्साच्या ढिगातून मिळते, मी आणून देतो, अर्धे तुहे अर्धे माहे. मी नाही म्हटलं. काल पुन्हा आला. मी नाही म्हटलं. आज दुपारी पुन्हा आला, तुमचे सहा आकडे त्याच्या हातावर लिहून होते.” इश्वरचा आवाज चिरकला. “आज मात्र मीनं त्याले ‘नाही’ म्हटलं नाही. संध्याकाळी बोलू म्हटलं. म्हणून म्हणतो बाई, माहा नंबर तुमच्या खात्यातून काढा, आताच काढा. मी चांगला माणूस हावो. पण किती दिवस राहीन, त्याचा मले भरोसा नाही.”

मग चंद्रभागाबाईनं काचेवर वाकून फोनात तोंड घातलं.

“काढला, बाबू. काढला. तू आता जेव.”

पलीकडून फोन ठेवला गेला होता. धनंजयनं रुमालानं मान पुसली आणि नंबर बदलायचा फॉर्म पुढं ओढला. चारला पाच कमी होते.

“आजी, जुना नंबर काढतोय. नवा कोणता टाकू?”

म्हातारीनं विचारसुद्धा केला नाही. “माह्यापाशी फोन कुठला? रत्नमालाचाच टाक. तिचा नवा जो हाय थो.”

इतकं सारं घडून गेल्यावर! रत्नमालाला भरून आलं, आणि पाठोपाठ एक नवंच भय वाटलं. सकाळपासूनचं भय त्यापुढं काहीच नव्हतं. सकाळपासून ती एका परक्या माणसाला भीत होती. म्हातारी आता परत तीच चावी तिच्या हातात द्यायला निघाली होती, आणि कार्ड तर पिशवीत, तिच्याच मांडीवर होतं. उद्याही तो स्लॅब डोळ्यांपुढं येणार होता. परवाही. पाऊस टिनांवर वाजेल तेव्हा येणार होता.

“माहा नको,” ती म्हणाली.

धनंजयनं मान वर केली. जन्मात पहिल्यांदा तिनं हा शब्द काढला होता, आणि तो तिच्या तोंडाला बसतच नव्हता.

“काहून वं?” म्हातारीनं विचारलं. “तू इसरली, थे झालं. आता नाही इसरणार.”

“इसरण्याचं नाही, काकू.” रत्नमालानं धनंजयला विचारलं, “नंबराशिवाय खातं चालते ना?”

“चालतं. फोनवरून पैसे जाणार नाहीत, इतकंच. अंगठ्यावर, इथं येऊन.”

“मंग कोणाचाच नका टाकू. अंगठाच राहू द्या. आन् थे कार्ड बंद करा, त्याचे आकडे फुटले.”

“पण तुहा टाकाले काय झालं?” म्हातारी हट्टाला पेटली. “तू काय चोर हायेस?”

रत्नमालाला खोटं बोलता आलं असतं. माझा फोन बिघडतो, मला वेळ नसतो, दहा कारणं होती. पण कानात अजून त्या मिलची घरघर होती.

“काकू, त्या इश्वरनं सांगितलं ना,” ती खाली पाहून म्हणाली. “माहंही तसंच हाय.”

चंद्रभागाबाई समजली. ती रागावली नाही. धनंजयनं दाखवलं तिथं तिनं अंगठा उमटवला, पदराला शाई पुसली, आणि काचेपुढचं पासबुक स्वतःच उचललं.

परतीच्या काळीपिवळीत दोघी शेजारीच बसल्या. उन्हं कलली होती, म्हातारी पुन्हा धानाकडं पाहत हातपंपाचं बोलायला लागली, रत्नमाला हूं हूं करत राहिली. अर्ध्या वाटेत तिनं सवयीनं पिशवी सावरायला हात घातला, तर मांडी रिकामी होती. पिशवी चंद्रभागाबाईच्या मांडीवर होती, आणि दोन्ही बंद तिनं मनगटाला गुंडाळून घेतले होते.